विचारलं का अडलं

तुझ्या शोकसभेत साहेबांनी तुला मितभाषी म्हटलं तेव्हा मागच्या रांगेत एक बाई हसली. ती मी होते, यूसुफ. लोकांनी वळून पाहिलं, मी रुमाल तोंडाला लावला, आणि त्यांना वाटलं मी रडते आहे. वाटू दे. गडचिरोली ते चंद्रपूर ज्या ज्या एस.टी.त तू बसलास, तिच्या कंडक्टरला तुझ्या घरची सगळी खबर असायची. तुझे अब्बा शिलाई मशीन दुरुस्त करतात, तुझी सासू भद्रावतीची आहे, तुला वांगं चालत नाही. आणि हा माणूस म्हणे मितभाषी. साहेब नवे आहेत, त्यांच्या हातात कोणीतरी कागद दिला होता. आपल्या खात्यात मेलेल्या माणसासाठी तोच कागद निघतो. निष्ठावान, मनमिळाऊ, मितभाषी. फक्त वरचं नाव बदलायचं.

तू कुठे जन्मलास, किती शिकलास, मागे कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. ज्यांना हवं असेल त्यांनी तुझ्या बायकोला, नसीमला, जाऊन भेटावं, तेवढंच तिला बरं वाटेल. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं आहे, आणि तू उठून गेलास एवढ्या कारणासाठी मी ते सोडणार नाही.

संगणक कक्ष म्हणजे पूर्वीची स्टेशनरीची खोली. खिडकीला जाळी, भिंतीला ओल, आणि आत आपण दोघं. मी खात्याची कायम नोकर, तू कंत्राटी इंजिनिअर. तुझं कंत्राट दर वर्षी संपायचं आणि दर वर्षी तू नव्यानं रुजू व्हायचास. "ताई, आज माझा पहिला दिवस हाय, मले काम समजावून सांगा," म्हणत माझ्याच डब्यातली जवसाची चटणी संपवायचास. ती नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. प्रत्येक तालुक्याच्या कचेरीला कॉम्प्युटर द्यायचा असं वर ठरलं होतं. पेट्या गडचिरोलीला उतरायच्या. मशीन काढायची, तिच्यात सगळे प्रोग्राम बसवायचे, पुन्हा पेटीत घालून तिला जंगलात धाडायची, हे आपलं काम.

बसवणं हा शब्द अगदी बरोबर होता. एकेक प्रोग्राम म्हणजे लग्नातला रुसलेला जावई. इथं बसू की तिथं बसू, माझ्या अटी मान्य आहेत का, तुमचं नाव काय, आधीचं ठेवू की काढू, आता मशीन बंद करून पुन्हा लावू का. दर प्रश्नाला कोणीतरी समोर हजर पाहिजे. विंडोज झालं की मराठी टायपिंग, ते झालं की प्रिंटर, मग आपल्या खात्याचा प्रोग्राम, मग व्हायरस अडवणारा, म्हणजे आपला व्हायरसवाला. एका मशीनमागे अख्खा दिवस जायचा, आणि दिवसभर माणूस नुसता होकार देत बसायचा. तू म्हणायचास, "एवढ्या खेपा तर काझीनंही नोतं विचारलं मले."

तेही चाललं असतं. पण मशिनी जीपमध्ये आदळायच्या, पोचल्या की रुसायच्या, आणि मग तिथल्या बाबूकडून फोनवर सगळं पुन्हा बसवून घ्यावं लागायचं. त्यातूनच गेडामभाऊंचा प्रकार झाला. तालुक्याचं नाव लिहीत नाही. गेडामभाऊ तिथले जुने बाबू, नियमांत पक्के, आवाजात कधी चढ नाही. तू फोनवरून त्यांना एकेक पायरी सांगत होतास आणि ते प्रत्येक पायरी पुन्हा म्हणून खात्री करून घेत होते. एका ठिकाणी इंग्रजीचं भलंमोठं पान आलं आणि खाली दोन बटणं. तू सांगितलंस, मान्य आहे असं जिथं लिहिलं आहे ते दाबा.

"काय मान्य हाय?" गेडामभाऊंनी विचारलं.

"कंपनीचे नियम हायेत भाऊ. सगळेच दाबतात."

"वाचून दाखवा."

"अजी भाऊ, ते कोनीच नाई वाचत."

"मंग मी कायले मान्य करू? मशीन सरकारची हाय. सरकारच्या वतीनं करार कराचा अधिकार मले नाई. तो साहेबाचा हाय."

त्यांचे साहेब दौऱ्यावर होते. गेडामभाऊंनी पडद्यावर टेबलाचा हिरवा कपडा टाकला आणि ते आपल्या कामाला लागले. वीज जायची, यायची. वीज आली की ते स्वतःच सगळ्या पायऱ्या चढून त्या पानापर्यंत यायचे, थांबायचे आणि पुन्हा कपडा टाकायचे. साहेब परत आले. त्यांनीही बटण दाबलं नाही, वर मार्गदर्शन मागवलं. कागद वर गेला, तिथून आणखी वर गेला, आणि फिरत फिरत माझ्या टेबलावर उतरला, कारण संगणकाच्या बाबतीत अभिप्राय देणारी जिल्ह्यात मीच होते. विषय: 'मान्य आहे' हे बटण दाबण्यास मंजुरी मिळणेबाबत.

तू तो कागद वाचलास आणि फरशीवर बसून हसलास. डोळे पुसलेस. मग एकदम गप्प झालास, ते तुला शोभत नव्हतं म्हणून मी वर पाहिलं. तू म्हणालास, "ताई, विचारलं का अडलं. या जिल्ह्यात मशिनीनं कोनाले काईच विचाराचं नाई."

त्या वाक्यावर तू पुढची सगळी वर्षं काढलीस. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण शोकसभेत कोणीच सांगितलं नाही. मशीन बसताना जे जे विचारते, त्या सगळ्याची उत्तरं आधीच एका फायलीत लिहून ठेवता येतात. मशीन विचारते, फाईल उत्तर देते, माणसाचं मध्ये काम नाही. आणि बहुतेक प्रोग्रामना एक इशारा कळतो. नावापुढे तिरकी रेघ मारून एक ठरावीक अक्षर लिहिलं की तो काहीही न विचारता गुपचूप बसतो. तू त्याला 'मुकं बसवणं' म्हणायचास. कुठला प्रोग्राम कुठल्या अक्षरानं मुका होतो हे सांगणारं तेव्हा आपल्याजवळ कोणी नव्हतं. गडचिरोलीत इंटरनेटचं एक पान उघडेस्तोवर कपातला चहा थंड व्हायचा. मग तू ए पासून सुरू करायचास आणि एकेक अक्षर घालून पाहायचास. व्हायरसवाला कशालाच बधला नाही. दर खेपेला खिडकी उघडून तो काही ना काही विचारायचाच. तू त्याचं नाव वकील ठेवलंस. शेवटी तो आधीच बसलेल्या एका मशीनमधून त्याच्या सगळ्या फायली उचलून दुसरीकडे जशाच्या तशा नेऊन ठेवायची युक्ती काढलीस, म्हणजे त्याला तोंड उघडायला जागाच नाही.

पहिल्यांदा ते सगळं एका डिस्कवर जमलं तेव्हा तू डिस्क घातलीस, एक शब्द टाइप केलास आणि म्हणालास, चला चहाले. मला मशीन सोडून उठवेना. टपरीवर मी सारखी कचेरीकडे पाहत होते आणि तू टपरीवाल्याला सांगत होतास की आमची मशीन घरी एकटी हाय, पन समजदार हाय. परत आलो तर सगळं बसलेलं होतं. विंडोजपासून वकिलापर्यंत. मी प्रत्येक प्रोग्राम उघडून पाहिला, कारण माझा कशावरही विश्वास नसतो. एकही चूक सापडली नाही. तुला शाबासकी दिली नाही, दुसरी पेटी उघडायला सांगितली. तू त्यालाच शाबासकी समजलास, ते बरोबर समजलास.

पडद्यावर तू सूचना लिहिल्या होत्यास. देवनागरी तिथं उमटत नव्हती म्हणून रोमन अक्षरांत, पण आपल्या बोलीत. 'बसून राह्यलं. हात नका लावू.' वकिलाची पाळी आली की, 'याले टाइम लागते. काऊन घाई करता?' त्या वेळच्या एका साहेबांनी आक्षेप घेतला होता की शासकीय संगणकावर प्रमाण भाषा पाहिजे. मी त्यांना सांगितलं, साहेब, प्रमाण भाषेतली सूचना वाचून लोक उठून उभे राहतात, ही वाचून बसून राहतात, आणि आपल्याला ते बसलेलेच हवेत. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

वीज मात्र कोणाच्या बोलीला दाद देत नव्हती. निम्मं बसून झालं की जायची, आली की मशीन पहिल्यापासून सुरू. तू वैतागला होतास. तेव्हा मी तुला धानाच्या रोवणीचं सांगितलं. आमच्या मूल तालुक्यातल्या शेतात, धानाच्या बांधीत, अंधार पडायला लागला की बाया जिथं थांबतात, तिथं चिखलात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, एक जुडी ठेवतात. सकाळी कोणीही येवो, जुडी दिसली की पुढं कुठून रोवायचं ते कळतं, कोणाला विचारावं लागत नाही. तू हातातला पेचकस खाली ठेवलास. तू चंद्रपूरच्या बाजारातला, धान फक्त ताटात पाहिलेला, म्हणून मला ते दोनदा समजावून सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी डिस्कवर जुडी आली होती. प्रत्येक प्रोग्राम बसला की मशीनमध्ये एक रिकामी फाईल पडायची, तिचं नावच जुडी. वीज आली की मशीन आधी शेवटची जुडी शोधायची आणि तिथून पुढं लागायची. अर्ध्या जिल्ह्यात नंतर हाच शब्द झाला. अहेरीहून फोन यायचा, "ताई, लाइन गेली व्हती, पन जुडी हाय."

इथवर आपलं एकमत होतं. भांडण गेडामभाऊंवरून होतं.

माझं म्हणणं होतं की तो माणूस बरोबर होता. अख्ख्या जिल्ह्यात त्या एकट्यानं विचारलं की मी काय मान्य करतो आहे. तू म्हणायचास, आणि अख्ख्या जिल्ह्यात त्याचीच मशीन कपड्याखाली होती. मी म्हणायचे, मशीन सगळं मुकाट बसवून घेते हे ठीक, पण जिच्या टेबलावर ती बसते तिला एकदा तरी विचारावं. तू म्हणायचास, एकदा विचारलं का दहादा विचारा लागते. आरमोरीला जाताना, अहेरीहून येताना, बल्लारपूरच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना, आपण हेच बोललो. एकदा एस.टी.त माझ्या पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं की तुमची कोर्टात केस चालू आहे का. तू तिला सांगितलंस, "हो आजी, लय जुनी हाय. ताई तारीख घेतात, निकाल नाई घेत."

त्या शुक्रवारी तू चंद्रपूरच्या घरून जुम्म्याच्या नमाजेला निघालास आणि चपला घालता घालता दारातच खाली बसलास. मी निरोप मिळताच चंद्रपूरची गाडी पकडली. मी पोचले तोवर पुरुष तुला घेऊन निघाले होते आणि बाया अंगणात होत्या. मीही अंगणातच राहिले. नसीम माझा हात धरून बसली होती, रडून झाल्यावर माणूस जसं सपाट आवाजात बोलतो तसं बोलत होती. तिनं सांगितलं की पावसाळ्यापासून तुझ्या छातीत दुखत होतं. डॉक्टरांनी नागपूरला जाऊन तपासण्या करायला सांगितलं होतं. तू गेला नाहीस. जीपमध्ये पेट्या घालून अहेरीला गेलास, आणि त्या पेट्या स्वतः उचलल्यास.

"मैंने बोला, ताई को तो बता दो," नसीम म्हणाली. "तो बोले, उनको मत बोलना. वो पूछते बैठेंगी."

पूछते बैठेंगी.

हो, यूसुफ. विचारत बसले असते. कधीपासून दुखतं, डॉक्टर कोण, कागद कुठे आहेत, नागपूरची गाडी किती वाजता, आणि तू अजून इथं काय करतो आहेस. तुला पेटीला हात लावू दिला नसता. साहेबांना सांगितलं असतं, नसीमला सांगितलं असतं, कंडक्टरलासुद्धा सांगितलं असतं. विचारलं का अडलं, हे तुझंच वाक्य ना? मग अडला असतास. त्याच्यासाठीच विचारतात. जगात काही गोष्टी अडाव्यात म्हणूनच विचारायच्या असतात. गेडामभाऊंना ते कळत होतं, तुला कळलं नाही. कंडक्टरला सासूबद्दल सांगणारा माणूस स्वतःच्या छातीबद्दल मुका बसला. हा तुझा शेवटचा मुद्दा होता असं समजून मी त्याचं उत्तर दिलं आहे, आणि ते तुला खोडता येणार नाही.

मला लोक म्हणाले, आता राग सोडा, गेलेल्या माणसावर राग धरू नये. राग धरला आहे म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तो सोडला असता तर घरी बसले असते.

आणि कामावर गेले ते बरं झालं. दक्षिणेकडच्या कचेऱ्यांसाठी नव्या मशिनी आल्या होत्या, नव्या विंडोजच्या, एक्सपीच्या. साहेबांनी बोलावलं आणि सांगितलं की यापुढे पुरवठादाराची माणसं इथंच हातानं सगळं बसवून देतील. आपली ती डिस्क अनधिकृत आहे, ती जमा करा. मी विचारलं, सिरोंच्यात मशीन बिघडली तर? ते म्हणाले, इथं पाठवायची. सिरोंचा इथून किती लांब आहे आणि वाटेत काय काय आहे हे साहेबांना फक्त नकाशात माहीत आहे. तिथली मागची मशीन अशीच एस.टी.च्या टपावर बांधून आली होती आणि परत गेली तेव्हा उघडलीच नाही. गोदावरीच्या काठच्या गावांतून लोक दाखल्यासाठी येत राहिले आणि रिकाम्या हातानं जात राहिले. हे मी त्यांना सांगितलं.

"मॅडम, भावना समजू शकतो," ते म्हणाले. "पण ज्यानं ती डिस्क बनवली तो माणूस आता नाही. उद्या काही झालं तर कोणाला विचारायचं?"

"मला."

"तुम्ही सुपरवायझर आहात, इंजिनिअर नाही."

"साहेब, ज्यानं आष्टीचा पूल बांधला तो कुठं आहे ते तुम्हाला माहीत आहे का? तुमची गाडी त्यावरून जातेच."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की तोंडी चालणार नाही, जबाबदारी लिहून द्या. लगेच दिली, उभ्या उभ्या. वर त्यांनी एक अट घातली. सिरोंच्याला पुरवठादाराचा माणूस सोबत येईल. डिस्कनं काम झालं नाही तर त्यानं हातानं करायचं, आणि मग हा विषय कायमचा बंद. म्हणजे तुझं सगळं काम एका दिवसावर लावून ठेवलं.

जुनी डिस्क नव्या विंडोजवर चालेना. उत्तरांच्या फायलीची मांडणीच बदललेली होती. तू ती बदलायला घेतली होतीस आणि विंडोजपर्यंत पोचला होतास. पुढचं सगळं मला करायचं होतं. मी दार लावून बसले. मराठी टायपिंगवाला पूर्वीच्या अक्षरानं मुका होईना, म्हणून मी तुझ्यासारखीच ए पासून सुरू झाले. तू हे वर्षानुवर्षं गाणी म्हणत कसं केलंस मला कळत नाही, मी तर शिव्या देत केलं. शेवटी एक नाही, दोन अक्षरं लागली. तुला हे सांगायला मी खुर्चीसकट वळले होते. असो.

वकिलाची युक्ती तशीच ठेवली, जुडी तशीच ठेवली. तुझ्या सूचनांमधला एक शब्दही हलवला नाही.

एक गोष्ट मात्र मी बदलली, आणि ती तुला आवडणार नाही. सुरुवातीला एक प्रश्न घातला. एकच. पडद्यावर येतं: आज या मशीनमध्ये हे हे बसणार हाय. खाली सगळ्यांची नावं. आणि मग, बसवू काय? नाई म्हटलं तर डिस्क थांबते. हो म्हटलं की पुढं शेवटपर्यंत मुकी. तू म्हणशील, ताई, एकदा विचारलं का दहादा विचारा लागते. नाही लागत. मी मोजून एकच ठेवला आहे. चिडायचं असेल तर चीड, तुझा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे, तोवर म्हणतात माणूस आसपास असतो. ऐक मग.

सिरोंच्याच्या कचेरीत राजेश्वरीबाई टायपिस्ट आहेत. माझ्याच वयाच्या, घरी तेलुगू, कचेरीत मराठी, आणि दोन्हींत काटकसर. त्यांनी जागा आधीच पुसून ठेवली होती. बाहेर ओट्यावर दाखल्यासाठी आलेली माणसं बसली होती. त्यांना कोणी सांगितलं होतं की आज मशीन येणार. मी पेटी उघडली, डिस्क घातली आणि खुर्ची त्यांना दिली. पुरवठादाराचा माणूस पाठीमागे हाताची घडी घालून उभा. तो वाईट नव्हता, वाटेत त्यानं मला पाण्याची बाटली दिली होती, पण माझी डिस्क आपटावी अशी त्याची मनापासून इच्छा होती.

प्रश्न आला. राजेश्वरीबाईंनी ओठ हलवत सगळी यादी वाचली. एका नावापाशी बोट थांबलं.

"हा वकील कोण?"

मी सांगितलं की बाहेरचं काही मशीनमध्ये शिरू नये म्हणून तो पहारा देतो. फार बोलतो म्हणून बनवणाऱ्यानं त्याचं नाव तसं ठेवलं आहे.

"बनवणारे आले नाहीत?"

"वारले. या महिन्यात."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी खोकलं. मागचा माणूस म्हणाला, मॅडम, एव्हाना माझं विंडोज झालं असतं. राजेश्वरीबाईंनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी यादी पहिल्यापासून पुन्हा वाचली, आणि मग हो दाबलं. कोणीतरी सांगितलं म्हणून नाही. वाचून दाबलं, यूसुफ. मी तुला हेच सांगत होते.

मशीन लागली. 'बसून राह्यलं. हात नका लावू.' राजेश्वरीबाईंनी हात मांडीवर ठेवले. विंडोज झालं, मशीन आपली आपण बंद होऊन पुन्हा उघडली, मराठी टायपिंग बसायला लागलं आणि वीज गेली. ओट्यावरून एक सुस्कारा आला. मागच्या माणसानं बॅगेची चेन उघडली आणि स्वतःची सीडी काढून ठेवली. माझ्या छातीत धडधडत होतं, हे तुला सांगायला हरकत नाही, मी तुझ्यासारखी लपवत नाही. नव्या विंडोजवर जुडी मी गडचिरोलीत मशीनची वायर उपसून पाहिली होती, पण गडचिरोलीत उपसलेली वायर आणि सिरोंच्याची वीज यांत फरक आहे. ही येताना दोनदा फडफडते.

वीज आली, फडफडली, टिकली. पडदा काळा राहिला. मग विंडोज उघडलं आणि पाठोपाठ ती 'बसून राह्यलं'ची ओळ आली. मराठी टायपिंग पुन्हा पहिल्यापासून, पण विंडोज नाही. विंडोजच्या पुढे जुडी होती. मशीन तिथूनच लागली. मागच्या माणसानं पुढं वाकून पाहिलं. थोड्या वेळानं त्यानं सीडी बॅगेत परत घातली. चहा पिता पिता त्यानं मला विचारलं की या डिस्कची एक प्रत मिळेल का. मी म्हटलं, साहेबांकडे अर्ज करा.

प्रिंटर बसला. खात्याचा प्रोग्राम बसला. वकिलानं त्याचा वेळ घेतला. राजेश्वरीबाई जागेवरून हलल्या नाहीत, आणि ओट्यावरची दोन-तीन माणसं आता दारात येऊन उभी होती, आत न येता. शेवटची ओळ आली आणि डिस्क आपोआप बाहेर सरकली.

"अयिपोयिंदि," राजेश्वरीबाई स्वतःशीच म्हणाल्या.

मला तेलुगू येत नाही. अर्थ विचारला.

"संपलं."

"संपलं नाही, बाई," मी म्हणाले. "बसलं. दुसरी पेटी आणा."